शेवटची पानं उभ्यानं वाचायची

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर पुस्तकं भाड्यानं देणारं एक दुकान होतं आणि तिथल्या एकाही पुस्तकाला शेवट नव्हता. पुस्तकं सगळी एकाच जातीची, खिशात मावतील एवढी. एखाद्या तालुक्याच्या गावी नवी नर्स नाहीतर नवी मास्तरीण येते, गावात खून पडतो, संशय नेमका तिला आवडणाऱ्या माणसावरच येतो, आणि मग वाचणाऱ्याचा जीव शेवटपर्यंत टांगणीला. दुकानाचा मालक भलता वस्ताद. लोक पुस्तक नेतात आणि महिना महिना परत करत नाहीत, म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. प्रत्येक पुस्तकाची शेवटची काही पानं ब्लेडनं कापायची, एका लांब तारेत ओवायची, आणि ती तार आपल्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगून ठेवायची. तुम्ही पुस्तक परत आणून दिलंत की तो तारेवरून तुमची पानं काढून देणार, आणि ती तिथंच फळीपाशी उभं राहून, त्याच्या डोळ्यांदेखत वाचायची. दुकानात बाकडं नव्हतं. त्यानं ते मुद्दामच ठेवलं नव्हतं.

त्या फळीपाशी मी काय काय पाहिलंय! पतपेढीचे चेअरमन धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना पाहिलेत. वर्गात कादंबरी सापडली की छडी देणारे आमचे मास्तर "मला वाटलंच हुतं!" असं ओरडून फळीवर थाप मारताना पाहिलेत. एकदा तर अकलूजची गाडी भरून तयार, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि कंडक्टर इकडं खुनी कोण ते कळेपर्यंत जागचा हलायला तयार नाही. शेवटी दोन उतारू येऊन त्याला घेऊन गेले, तर त्यांतला एक स्वतःच वाचत उभा राहिला.

मी तिथं जायची ती आईसाठी. आई त्या पुस्तकांची वेडी होती. ज्वारीच्या कणगीमागं तिचं पुस्तक ठेवलेलं असायचं, आणि दूध तापायला ठेवलं की पुस्तक बाहेर यायचं. दूध किती वेळा उतू गेलं ते आमच्या चुलीला विचारा. पण स्टँडवरच्या दुकानात, बाप्यांच्या घोळक्यात उभं राहून एका बाईनं खुनाची गोष्ट वाचायची म्हणजे गावभर बोभाटा झाला असता. लहान मुलीला कोण बोलणार? म्हणून पुस्तक परत करायला मी जायची, शेवट मी वाचायची आणि घरी येऊन आईला सांगायची.

सांगायची म्हणजे परीक्षाच असायची.

"कोण निघाला?" आई दारातच विचारायची.

"कंपाउंडर."

"कंपाउंडर? त्यो गरीब? कशावरनं?"

"त्याच्या चपलेला नदीची वाळू होती."

"कितव्या पानावर हाय?"

"शेवटून दुसऱ्या."

"हे पुस्तकात हाय का तुझ्या डोक्यातलं?"

हा शेवटचा प्रश्न ठरलेला. मी जरा कुठं मीठमसाला लावला, की आईला लगेच वास यायचा. मग मी खबरदारी घ्यायला लागले. फळीपाशी उभी राहून ओठ हलवत हलवत, पान आणि ओळ घोकत वाचायची. कोणी बघून हसलं तरी मला त्याचं काही नव्हतं.

पुढं मी मोठी झाले, बारामतीच्या कॉलेजात एम.ए. झाले आणि एम.फिल.ला नाव घातलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विषय अर्थातच ह्याच कादंबऱ्यांचा, तालुक्याच्या गावांतल्या रहस्य-प्रणयकथा आणि त्यांचे वाचक. विषय ऐकून आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "शिक की. पर ह्या पुस्तकांवर बी शिकायचं असतंय, हे आदी कळलं असतं तर तुझ्या आईनंच केलं असतं." एम.फिल. झाली तर मला प्राध्यापकी मिळणार होती, नाही झाली तर आणखी एक एम.ए. झालेली मुलगी घरात बसणार होती. माझ्यासाठी सगळं त्या एका प्रबंधावर होतं.

माझे मार्गदर्शक सर म्हणजे संदर्भांचे भक्त. बोलताना कुणी काही विधान केलं की त्यांचा चष्मा खाली यायचा आणि प्रश्न यायचा, "संदर्भ?" एकदा मी उशिरा पोचले आणि म्हणाले, "सर, आज एसटी उशिरा सुटली." सर म्हणाले, "संदर्भ?" मी तिकीट दाखवलं. त्यांनी ते खरोखर वाचलं.

माझा चौथा भाग त्या तारेवरच्या पानांबद्दल होता. शेवट वाचायला माणसं एकत्र येतात, उभ्यानं वाचतात, एकमेकांसमोर रडतात, हसतात, असं दुसरीकडं कुठं मी ऐकलं नव्हतं. प्रबंधात जीव होता तो एवढ्यातच. सरांनी तो वाचला, त्यांना फार आवडला, आणि चष्मा खाली आला.

"संदर्भ?"

"सर, मी स्वतः पाहिलंय."

"तुमची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आईची साक्षही चालणार नाही, त्या दुकानात गेल्याच नव्हत्या. दुसरा माणूस आणा. नाहीतर हा भाग काढून टाका."

दुसरा माणूस आणायला काय, सगळं इंदापूर पडलं होतं, असं मला वाटलं. दुकान केव्हाच बंद झालं होतं, मालक वारले होते, जागेवर फोनचं बूथ झालं होतं. पण वाचणारी माणसं तर होती! मी वही काढून चेअरमनांकडं गेले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्यावरच खुनाचा आळ घेतलाय. "आमी? तसली पुस्तकं? न्हाय बाय. आमी पोथी वाचतो." मास्तर म्हणाले, "तू कुणाला तरी दुसऱ्याला बघितलं असशील." कंडक्टर आता कंट्रोलर झाले होते, ते म्हणाले, "माझी गाडी आयुष्यात कधी लेट न्हाय." झाडून सगळे नाकबूल. आख्खं गाव वाचत होतं आणि आता गावात एकही वाचक नव्हता. हसावं की रडावं ते मला कळेना. मी दोन्ही केलं.

आणि तेवढ्यात बारामतीत सायबर कॅफे उघडला.

स्टँडमागच्या बोळात एका गाळ्यात प्लायवूडच्या खोल्या पाडलेल्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा, आत एक संगणक आणि एक स्टूल. संगणकाला धूळ सोसत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या. दारात देवळासारखा चपलांचा ढीग असायचा. आत कुठूनतरी टेलिफोनची लाइन जोडताना कुईकुई, खरखर असा आवाज यायचा आणि सगळे श्वास रोखून बसायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकांना विचारलं, "हे इंटरनेट असतं कुठं?" ते ठामपणे म्हणाले, "अमेरिकेत. आपन हितनं नुसतं बघायचं." मलाही ते पटलं. इतकी मोठी गोष्ट अमेरिकेशिवाय कुठं मावणार?

मालकांनी मला शोधायचं कसं ते शिकवलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा मराठी मंडळाच्या पानावर पाहुण्यांची वही होती. तिथं कुणीही काहीही लिहावं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, वाचताना दाताखाली खडे यायचे. कुणी पुरणपोळीची कृती विचारत होतं, कुणी हापूस मिळत नाही म्हणून हळहळत होतं. आणि त्या सगळ्यात एक मजकूर. खाली नाव नाही, फक्त "एक वाचक". लिहिलं होतं:

"मी शाळेला मामाकडे इंदापूरला होतो. तिथे स्टँडसमोर पुस्तकाचे दुकान होते. शेवटची पाने मालक तारेला लावायचा. पुस्तक परत दिले की उभ्याने वाचायची. मला अजून तीच सवय आहे. कुठलेही पुस्तक असो, शेवट आला की मी उठून उभा राहतो."

मी किंचाळले. मालक धावत आले, त्यांना वाटलं संगणकानं शॉक दिला. मी त्यांना म्हणाले, "साक्षीदार मिळाला! अमेरिकेत मिळाला!" तेही खूश झाले. शेजारच्या खोल्यांतून दोघांनी पडदे सारून बघितलं. त्या दिवशी इंदापूरच्या एसटीत मी खिडकीपाशी बसून सणसरपर्यंत आपली आपणच हसत होते, आणि शेजारच्या बाईंनी मला "पोरी, बरं हाय न्हवं?" असं विचारलं.

सर तर माझ्याहून खूश. प्रिंट काढून नेली होती, शाई फिकी, अक्षरं ठिपक्याठिपक्यांची. आम्ही दोघं ती समोर ठेवून बसलो, कारण असला संदर्भ लिहायचा कसा हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांची रीत ठरलेली: लेखक, ग्रंथ, प्रकाशक, ठिकाण, वर्ष, पृष्ठ. लेखक "एक वाचक" म्हणून भागलं. ग्रंथाच्या जागी तो लांबलचक पत्ता घातला. त्यातल्या तिरक्या रेघा छापायच्या की कसं, ह्यावर सरांनी बराच विचार केला. पृष्ठ मी सांगू शकले नाही, कारण ते एकच पान होतं आणि खाली खाली जातच होतं.

"मग पृष्ठ एक," सर म्हणाले. "आणि तुम्ही ते पाहिलं कधी, ती तारीखही घाला. उद्या कुणी पुसून टाकलं तर?"

"आणि ठिकाण?"

"ठिकाण अमेरिका. दुसरं काय?" असं म्हणून सरांनी ते स्वतःच्या पेननं, सुंदर अक्षरात लिहिलं. मग तो कागद घेऊन ते स्टाफरूममध्ये गेले. दिवसभर आमच्या संदर्भाची तिथं मिरवणूक चालली होती.

पण एका मजकुरावर सरांचं भागेना. त्यांनी मला आणखी विचारायला सांगितलं. म्हणून दर शनिवारी सरांची भेट झाली की मी दुपारी कॅफेत जायची आणि त्या वहीत लिहायची, खाली सही "एक अभ्यासक". आणि काय सांगू, तो माणूस उत्तर द्यायचा! तेही तिथल्या तिथं, मी बसलेली असतानाच. मालकांनी मला समजावलं होतं की आपल्याकडं दुपार असते तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र असते. म्हणजे हा गृहस्थ माझ्या प्रश्नांसाठी मध्यरात्री जागा राहतो! मला इतकं भरून आलं की मी एकदा लिहिलं, "आता झोपा. माझ्यासाठी जागरण करू नका." जरा वेळानं उत्तर आलं, "तुम्हीही झोपा. तब्येतीला जपा." भर दुपारी तीन वाजता मी ते वाचलं आणि मला वाटलं, काय सुसंस्कृत माणूस आहे.

मी विचारलं, काम काय करता? उत्तर आलं, "दुधात आहे." माझ्या डोळ्यांपुढं अमेरिकेतल्या धष्टपुष्ट गायी उभ्या राहिल्या. एकदा लिहिलं, "गेल्या वेळी लिहिता लिहिता लाइट गेली, माफ करा." मी घरी येऊन आबांना सांगितलं की लाइट तिकडंही जाते. आबांना फार समाधान वाटलं. ही सगळी लक्षणं माझ्या नाकासमोर होती. रहस्यकथांवर प्रबंध लिहीत होते मी! पण मन अमेरिकेत गेलं होतं, ते माघारी यायला तयार नव्हतं. दारातल्या चपलांत दर शनिवारी पांढरी भुकटी बसलेले बूट असायचे, तेही मी बघायची. कोणीतरी चुना लावणारा येत असेल, असं म्हणून त्यांच्या शेजारी माझी चप्पल नीट लावून ठेवायची.

मग एका शनिवारी त्यानं लिहिलं:

"त्या दुकानात एक मुलगी यायची. दोन वेण्या. तेवढी एकच मुलगी. ती ओठ हलवत वाचायची. मला नेहमी वाटायचे, ही कुणासाठी पाठ करते? विचारायचा धीर झाला नाही."

मी पडदा नीट ओढून घेतला. मग तो मजकूर पुन्हा वाचला, आणि वाचताना माझे ओठ हलत होते हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तोंडावर हात ठेवला. जगात कुणीतरी मला बघितलं होतं, इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं, आणि ते अमेरिकेच्या पानावर लिहिलं होतं! मी उत्तर दिलं नाही. काय देणार? ती मीच, असं लिहिलं तर प्रबंधाचं काय? साक्षीदारानं साक्ष माझीच दिली म्हणजे झालंच. प्रेमात पडले का, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते, चेअरमनांसारखी.

सरांना प्रिंट दाखवावीच लागली. सर आनंदले. "हा फार मोलाचा तपशील आहे. ही मुलगी शोधा. ती सापडली तर साक्ष पक्की होईल."

"शोधते, सर," मी जमिनीकडं बघत म्हणाले.

मार्चमध्ये प्रबंध बांधून गेला. काळं कापड, सोनेरी अक्षरं. चौथ्या भागाचं नाव सरांनी दिलेलं: "सातासमुद्रापलीकडची साक्ष". तोंडी परीक्षा मे महिन्यात ठरली. पुण्याच्या एक बाई परीक्षक म्हणून येणार होत्या, आणि त्यांचं नाव निघालं की सरसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावायचे.

परीक्षेच्या आधीचा शनिवार. लग्नसराईचे दिवस. मी कॅफेत बसले होते, आणि बोळाच्या तोंडाशी वरात अडकली होती. बँडवाल्यांनी एकच गाणं धरलेलं, सोडायचं नाव नाही. प्लायवूडच्या भिंती थरथरत होत्या. मी लिहिलं, "माझी परीक्षा सोमवारी आहे." उत्तर आलं:

"शुभेच्छा. थोडे थांबा, इथे बाहेर वरात आहे. नवरदेवाचा घोडा रस्त्यात बसला आहे. नवरदेव खाली उतरून त्याला समजावतो आहे."

मी वाचलं आणि मनात म्हटलं, बघा, आपली माणसं तिकडंही किती हौशीनं लग्नं करतात. मग मी पडदा सारून मान वळवली. दारातून बोळाचं टोक दिसत होतं. तिथं घोडा बसला होता आणि नवरदेव त्याच्याशी हात जोडून बोलत होता.

बँड थांबला. संगणकावर नवी ओळ आली, "थांबला एकदाचा."

मी स्टुलावर चढले. खरंच चढले. प्लायवूडच्या वरून पलीकडं डोकावले. तिथं एक सावळा, उंच माणूस संगणकापुढं उभा होता. स्टूल मोकळं होतं आणि तो वाकून, उभ्यानं वाचत होता. पँटीच्या खालच्या काठाला पांढरी भुकटी. त्यानं वर बघितलं.

"तुम्ही अमेरिकेत नाही?" मी म्हणाले.

"न्हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी बी न्हाय?"

मला हसू फुटलं ते आवरेचना. स्टूल डगमगलं, मी भिंतीला धरलं, भिंतही डगमगली. तोही हसायला लागला. तो सांगवीचा, एमआयडीसीतल्या दूध पावडरच्या कारखान्यात केमिस्ट होता. कारखान्यात संगणक येणार म्हणून शनिवारी पाळी सुटली की हात बसवायला यायचा. त्याला वाटत होतं, असल्या पुस्तकांवर अभ्यास करणारं माणूस अमेरिकेच्या विद्यापीठातच असणार. "म्हणून तर मी शुद्ध लिवत हुतो," तो म्हणाला. आम्ही महिनोन्महिने एका प्लायवूडच्या दोन बाजूंना बसून, भर दुपारी, एकमेकांना झोपायला सांगत होतो!

हसून झालं आणि मग मला प्रबंध आठवला. सोनेरी अक्षरांतल्या सगळ्या प्रतींत अमेरिका छापली होती.

सरांच्या घरी पोचले तेव्हा ते आंबे निवडत होते. मी सगळं सांगितलं, फक्त त्या दोन वेण्या माझ्या होत्या एवढं सोडून. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्टाफरूममधली मिरवणूक त्यांना आठवत असावी. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे आपला इलेक्ट्रॉनिक संदर्भ मोटारसायकलवर येऊ शकतो?"

सोमवारी बाई आल्या. प्रबंधातून खुणेच्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या, सगळ्या चौथ्या भागात. बाईंनी सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"हा पत्ता मी काल पुण्यात उघडून पाहिला. तिथं काही नाही. वही बंद झालीय. जे मला उघडून बघता येत नाही, त्यावर तुमचा सगळा भाग उभा आहे. मी तो मानू कसा?"

सरांनी वरच्या बटणाला हात लावला. म्हणजे पुसलंही गेलं होतं! तारीख घालून ठेवली होती, पण तारखेचं काय करणार?

"बाई, पान गेलंय," मी म्हणाले, "पण लिहिणारे आहेत. बाहेर बाकावर बसलेत."

त्याला आत बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. बाईंनी ठिकाणाच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"अमेरिकेहून कधी आलात?"

"आत्ताच. सांगवीस्नं."

बाईंनी सरांकडं पाहिलं. सरांनी छताकडं. मी उभी राहून झालेली चूक स्पष्ट सांगितली आणि नोंद दुरुस्त करायची तयारी दाखवली. मग बाईंनी त्याला खोदून खोदून विचारलं: तार कुठं होती, पानं कशी कापलेली, बाकडं होतं का. त्याचं एकही उत्तर माझ्या लिहिण्याच्या बाहेर गेलं नाही. शेवटी त्यानं वर्तमानपत्र उलगडलं. आत गंजलेली तार होती, आणि तारेवर पिवळी पानंच पानं. दुकान मोडलं तेव्हा पुस्तकं रद्दीत गेली, पण सुटी पानं कुणालाच नको होती, ती तो मागून घेऊन आला होता. ह्याबद्दल मलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं.

बाईंनी वरची पानं काढून माझ्यापुढं केली. "तुमच्या यादीतलं पुस्तक आहे का हे, वाचून सांगा."

मी वाचायला लागले. ते कंपाउंडरचंच होतं, आईचं सर्वांत लाडकं. मी खोलीतलं सगळं विसरले. वाचता वाचता मला जाणवलं की फार शांत झालंय. वर पाहिलं तर तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "ती मुलगी घावली."

"कुठं?" सर टेबलावर वाकून म्हणाले.

बाईंना मात्र सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या मिटलेल्या ओठांकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि चौथ्या भागातल्या चिठ्ठ्या एकेक करून काढून टाकल्या. म्हणाल्या, "ह्या तारेचा एक फोटो काढून घाला. आणि ते अमेरिका तेवढं खोडा." मग तारेवरचं एक पान स्वतःकडं ओढलं आणि वाचू लागल्या. थोड्या वेळानं त्या उठून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

एम.फिल. झाली. सगळ्या प्रतींत मी हातानं अमेरिका खोडली आणि लिहिलं, बारामती, एसटी स्टँडच्या मागे.

पुढच्याच रविवारी तो वडिलांना घेऊन इंदापूरला आमच्या घरी आला. आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अमेरिकेचा म्हणत हुतीस न्हवं?"

"सांगवीचा निघाला."

"बरं झालं. अमेरिकेला एसटी जात न्हाय." आणि ते पाहुण्यांशी उसाच्या तोडीबद्दल बोलायला बाहेर जाऊन बसले.

मी तार घेऊन आत गेले. आईनं हात पदराला पुसले. पानं चाळता चाळता तिला कंपाउंडरची सापडली. चुलीवर दूध होतं. बसलेली आई पानं हातात घेऊन उठली, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून वाचू लागली. दूध मी उतरवलं.

शेवटचं पान झाल्यावर ती हसली, आधी थोडं, मग खूप.

"मी सांगितलं होतं तसंच आहे ना?" मी विचारलं. "कंपाउंडर, चपलेची वाळू, शेवटून दुसरं पान?"

"तसंच हाय की. तंतोतंत." आईनं पान माझ्यापुढं धरलं आणि सगळ्यांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "पर शेवटी त्यो समोर आल्यावर त्या नर्सला हसू आवरत न्हाय, हे तू सांगितलंच न्हवतंस."

"मला तेव्हा कळलं नसेल, आई."

बाहेर ओसरीवर तो कशाला तरी हसला. आईनं त्या बाजूला बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "आता कळलं?"